कांद्या-बटाट्याची बेगमी

सत्तरच्या दशकात पुण्या-नाशिककडच्या मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, पलंगाखाली काय असायचं? ट्रंका, गुंडाळलेल्या सतरंज्या आणि कांदे, हेच उत्तर येईल. लोखंडी पलंग त्यासाठीच उंच पायांचा घेतलेला असे. खाली गोणपाट, त्यावर कांदे पसरलेले, आणि पलंगावरून लोंबणारी चादर मुद्दाम वर खोचलेली, कारण कांद्याला वारा लागतो. पाहुणे आले की चादर खाली सोडायची, ते उठून गेले की पुन्हा वर खोचायची. आमच्या वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांत असंच होतं. ढीग तेवढा ज्याच्या त्याच्या पगाराप्रमाणे लहानमोठा.

त्या बिऱ्हाडांतल्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत, बऱ्याचजणी गेल्या. त्यांच्या पुरणपोळ्यांवर, मोदकांवर, दिवाळीच्या फराळावर पुष्कळ लिहून झालं. कांदे-बटाटे सांभाळणं मात्र कुणाला लिहिण्याजोगं वाटलं नाही, कारण ते सणाचं काम नव्हतं. ते रोजचं होतं, आणि वर्षभर घर चालायचं ते त्याच्या जोरावर. म्हणून ते लिहून ठेवायचं.

वर्षाचं भरण्याचा क्रम ठरलेला असे. होळी झाली की गहू-ज्वारी, मग डाळी, मग मिरच्या, हळकुंडं, धने आणून तिखट-मसाले, आणि सगळ्यांत शेवटी, चैत्र सरता सरता किंवा वैशाखात, कांदा. शेवटी अशासाठी, की टिकणारा कांदा तेव्हाच निघतो. दिवाळीच्या सुमाराला येणारा खरिपाचा लाल कांदा पाणीदार; आणायचा आणि खायचा. त्यामागून येणारा रांगडाही फार दिवस दम धरत नाही. डिसेंबर-जानेवारीत लावलेला आणि एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळी कांदा तेवढा दसरा-दिवाळी गाठतो. पुण्यात फुरसुंगीच्या कांद्याचं नाव होतं. नाशिककडे ज्यांचे नातेवाईक होते त्यांच्याकडे निफाड-लासलगावच्या बाजूची गोणी एस.टी.च्या टपावरून यायची. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची, आणि कांद्याचा भाव म्हटला की आजही देश तिकडेच बघतो. बाजारात किलो हेच माप १९६२पासून सक्तीचं झालं होतं, तरी आजी ‘मणभर कांदे’ असंच म्हणायची आणि आई मनात चाळीस किलोचा हिशोब धरायची.

ही खरेदी बाईच्या हातची होती. पगाराच्या पाकिटातून एवढी रक्कम एकदम निघणं कठीण, म्हणून वाड्यातल्या बायकांची भिशी असायची, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर भिशी कुणाला लागते याकडे सगळ्यांचं लक्ष. जिला लागे तिची बेगमी आधी. उरलेल्यांना ती हातउसने देई. याची नोंद कुठल्याही वहीत नव्हती. पैसे मात्र चुकते होत.

गोणीच्या तोंडाशी मांडलेल्या कांद्यांकडे आई बघतसुद्धा नसे. हात कोपरापर्यंत आत घालून तळचा कांदा वर काढायची आणि त्याची मान दोन बोटांत दाबून पाहायची. मान बारीक आणि वाळून मिटलेली असली तर टिकणार. जाड आणि ओलसर असली तर आषाढातच सडणार. पत्ती दुहेरी हवी, अंगावर घट्ट बसलेली. जोड कांदे किती, डेंगळे किती, तेही चाचपून घ्यायचं. डेंगळ्याच्या पोटात फुलाच्या दांड्याचा नळा असतो, तिथून तो कुजत जातो. एवढं झाल्यावर भाव. हमालाच्या पाठीवरून गोणी वाड्यात आली की ती लगेच पलंगाखाली जात नसे. आधी गच्चीवर किंवा ओसरीत, सावलीत, आठदहा दिवस पसरायची. ऊन लागू द्यायचं नाही, पाणी तर नाहीच. मान अगदी मुळाशी कापायची नाही, बोटाच्या पेराएवढी ठेवायची. जोड, डेंगळे आणि खरचटलेले वेगळ्या टोपलीत काढायचे. ते आधी खायचे. उरलेले पलंगाखाली.

पुढे कधीतरी शेतावरची कांदाचाळ पाहिली तेव्हा आईचा पलंगच आठवला. जमिनीपासून उचललेला तळ, बाजूंना फटी, खालून-वरून खेळता वारा, वर छप्पर, आणि रास फार उंच रचायची नाही. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयातल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलं ते याच गोष्टींवर. तरीसुद्धा साठवलेल्या कांद्यातला एकतृतीयांशाच्या आसपास माल वजनातली घट, सड आणि मोड यांत जातो, असं जाणकार सांगतात. आईच्या ढिगातलं इतकं वाया जात नसे. त्याचं कारण पुढे येईलच.

अलिबागकडे आजोळ असलेल्यांची तऱ्हा आणखी देखणी. तिकडचा पांढरा कांदा वाळल्या पातीसकट वेणीत गुंफलेला येतो. अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळ्याकडच्या त्या माळा स्वयंपाकघराच्या वाशाला टांगायच्या. खाली चूल असली तर पावसाळाभर धूर आणि ऊब दोन्ही मिळे. चवीला गोडसर, कच्चा खायला उत्तम. आता त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते योग्यच झालं.

बटाट्याचा स्वभाव निराळा. तो वर्षाचा भरता येत नाही. पुण्याच्या उन्हाळ्यात त्याला डोळे फुटतात, तो सुरकुततो, कंद पोखरणारी अळी लागली तर टोपलीच्या टोपली जाते. मंचर-खेडकडचे शेतकरी झाडाच्या सावलीत बटाट्याची रास करून ती पाल्यापाचोळ्याने झाकत, त्याला ते आरण म्हणतात. तीही थोड्या महिन्यांपुरतीच. घरी मग पाच-दहा किलो आणायचे. आमच्या पुण्यात तळेगावच्या बटाट्याचा मान मोठा होता, मागून सगळीकडे ‘ज्योती’ आला. बटाट्याची टोपली माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, वर गोणपाट, आणि कांद्यापासून लांब. एकत्र ठेवले तर बटाट्याच्या ओलाव्याने कांदा सडतो. बटाट्यावर उजेड पडला तर तो हिरवा होतो. हिरवा झालेला भाग आई जाड काढून टाकायची, फार हिरवा असला तर अख्खा बटाटा टाकून द्यायची. हिरवेपणाबरोबर त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं, हे आम्ही कॉलेजात शिकलो. ‘हिरवा बटाटा पोटाला बाधतो’ एवढं मात्र ऐकून होतो. श्रावणात शीतगृहातला बटाटा यायचा, त्याची भाजी गोडसर लागे. फार थंडाव्यात बटाट्यातल्या पिठाची साखर होते म्हणून. तो आणला की चार-आठ दिवस घरात तसाच ठेवायचा, गोडी कमी होते. ही युक्ती समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींची, आणि ती खरी आहे.

रविवारचा दिवस निवडण्याचा. सकाळी पलंग सरकवायचा आणि सगळी रास हाताखालून घालायची. हे काम आम्हा मुलांचं, पण निकाल आईचा. आम्ही एकेक कांदा उचलून द्यायचा, ती दाबून, फिरवून, नाकाशी नेऊन सांगायची. घट्ट तो मागे. मान मऊ लागली तो आजच्या आमटीत. मोड आलेला निराळा; त्याची कोवळी पात चिरून पिठल्यावर. काजळी धरलेला असेल तर वरच्या दोन पत्त्या काढून, धुऊन, पुसून लगेच वापरायचा. एक सडका राहिला तर भोवतालचे पाच-सहा घेऊन जातो, म्हणून त्याच्याखालचं गोणपाटसुद्धा बदलायचं. पावसाळ्यात हे आठवड्यातून दोनदाही व्हायचं. वाळकी सालं आणि सड परसातल्या अळवाच्या बुंध्याशी जाई. आईचे कांदे चाळीतल्यापेक्षा जास्त का टिकायचे, तर एवढ्यासाठीच. शेकडो क्विंटलांच्या चाळीत दर आठवड्याला प्रत्येक कांदा हातात घेणं कुणाला शक्य नाही. चाळीस किलोंना ते शक्य होतं, आणि ते केलं जात होतं. आठवड्याची भाजी काय, हेही रविवारच्या या निवडीवर ठरायचं. आईने आधी भाजी ठरवून मग कांदे घेतले असं फारसं झालंच नाही.

या निवडीत आमच्या आजीचं नाक सगळ्यांत तिखट. सडायला लागलेला कांदा दिसण्याआधी तिला कळायचा. खोलीत शिरल्या शिरल्या म्हणायची, ‘उजव्या कोपऱ्यात बघा गं.’ तिथेच निघे. आजीने मात्र कांदा खाल्ला नाही. तरुणपणी नवरा गेला, आणि आमच्यासारख्या ब्राह्मण घरांत विधवेला कांदा-लसूण वर्ज्य. वाड्यात आणखी एक-दोन आज्या होत्या, एक तर आलवणातली, त्यांचंही तेच. घरात कांद्याची विळी वेगळी आणि आजीची वेगळी. मागे पोर्तुगिजांबरोबर समुद्रापलीकडून आलेला बटाटा एकादशीला चालत होता, आणि या मातीत युगानुयुगं पिकणारा कांदा या बायकांना आयुष्यभर चालत नव्हता. हा अन्याय होता, आणि तो आमच्या डोळ्यांसमोर रोज दोन वेळा ताटात वाढला जात होता. तेव्हा आम्हाला तो रिवाज वाटे. आज त्याचं दुःख होतं. आजीसाठी आई वाटीभर बटाट्याची भाजी बाजूला करायची, तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, वरून लिंबू, हळद-मोहरी नाही. ती इतकी चविष्ट व्हायची, की आम्ही मुलं कांद्याची भाजी सोडून तिच्या ताटाशी बसायचो आणि ती आपल्यातली अर्धी आम्हाला द्यायची.

ज्यांच्या घरी चातुर्मास पाळत त्यांच्याकडे आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, गंमत असे. कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, झुणका, भरले कांदे, सगळं एकाच दिवशी. दोन दिवसांनी एकादशी, की मग कार्तिकीपर्यंत कांदा बंद. बंद म्हणजे घरातल्या मोठ्या बायकांना बंद. पुरुष आणि मुलं खातच होती. चार महिने आई दोन भाज्या करायची, एक कांद्याची आणि एक बिनकांद्याची, आणि स्वतः दुसरी खायची. कांदेपोह्यांच्या जोडीला त्या दिवसांत बटाटेपोहे व्हायचे. शेतकरी घरांत हे इतकं काटेकोर नव्हतं. तिथे बुक्कीने फोडलेला कांदा, भाकरी आणि चटणी हे जेवणच होतं, आणि त्यातून कांदा वजा करणं परवडण्यासारखं नव्हतं.

चिरण्याची शिस्त तर आता कुठे दिसत नाही. विळीवर बसून कांदा चिरताना कशासाठी चिरायचा ते आधी सांगावं लागे. पोह्यांना बारीक, पण फार बारीक नाही, नाहीतर पाणी सुटून पोह्यांचा गिचका होतो. रश्श्याच्या वाटणाला उभा. तो लोखंडी तव्यावर काळपट होईपर्यंत भाजायचा, सुक्या खोबऱ्याबरोबर, आणि पाट्यावर वाटायचा. ज्यांच्याकडे चूल होती ते अख्खा कांदा सालीसकट निखाऱ्यात ढकलत. त्या वाटणाची सर गॅसवर भाजलेल्या कांद्याला नाही, हे माझं ठाम मत आहे. भज्यांना उभा पातळ चिरून त्याला आधी मीठ चोळून ठेवायचं. कांद्याला जे पाणी सुटेल त्यातच डाळीचं पीठ भिजवायचं, वरून पाणी घालायचं नाही. खेकडा भजी कुरकुरीत होतात ती त्यामुळे. रश्श्याच्या बटाट्याच्या फोडी मोठ्या. काचऱ्या सालीसकट, आणि चिरल्या चिरल्या पाण्यात, नाहीतर काळ्या पडतात. वड्याचा बटाटा उकडून हाताने फोडायचा, किसायचा नाही. दाताखाली तुकडा आला पाहिजे.

रॉकेल रेशनवर मिळे, त्यामुळे एकदा स्टोव्ह पेटला की त्यावर जेवढं उरकेल तेवढं उरकायचं. बटाटे उकडायचे ते सकाळ-संध्याकाळचे एकदमच. सकाळी सुकी भाजी, रात्री उरलेल्यांचं भरीत किंवा पराठे. पराठे आमच्याकडे जरा उशिरा आले, शेजारी पंजाबी बिऱ्हाड आल्यावर. कोकण, नागपूर, कुठेही गाडीने निघायचं तर पितळी डब्यात बटाट्याची सुकी भाजी आणि पोळ्या, भाजीत कांदा नाही, कारण कांद्याची भाजी उन्हात लवकर आंबते. डबा उघडला की गाडीतल्या सगळ्या उतारूंना वाटून खायचं. हे सांगताना आता खोटं वाटेल, पण तेव्हा ते साधं होतं.

परीक्षा संपल्या की वेफर्स. बटाटा शीतगृहातला चालत नाही, साखर झाल्यामुळे तो तळताना लाल होतो. हवा तो फेब्रुवारी-मार्चचा, ताज्या काढणीचा. मात्र नखाने साल सुटेल इतका कोवळाही नको. पहाटे बायका एकेकीच्या घरी जमायच्या, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. किसणीवर चकत्या पडत त्या थेट पाण्याच्या घंगाळात. तीन-चार पाणी बदलायचं, एका पाण्यात तुरटी फिरवायची. मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी उकळलं की त्यात चकत्या टाकून, अर्ध्याकच्च्या असतानाच उपसायच्या आणि गच्चीवर धुतलेल्या सुती पातळांवर एकेक सुटी पसरायची. ही बोटं भाजणारी घाई असे. ऊन चढायच्या आत संपायला हवी. आम्ही काठी घेऊन कावळे राखायचो आणि अर्धवट वाळलेल्या चकत्या खायचो, त्याला कुणी अडवत नसे. कीस, साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या, पापड्या, सगळं त्याच आठवड्यांत. घंगाळाच्या तळाशी बसलेलं पांढरं सत्त्वसुद्धा टाकायचं नाही. ते वाळवून ठेवायचं, पातळांना खळ करायला उपयोगी पडे. वर्षभराचे वेफर्स डालड्याच्या रिकाम्या डब्यांत, झाकणाला कागद लावून.

लग्न घरचं असलं तर आदल्या रात्री वाड्याच्या चौकात उकडलेल्या बटाट्यांचा ढीग पडे आणि सगळी बिऱ्हाडं सोलायला बसत. आचारी एका बाजूला ओरडत असे, मुली मेंदीचे हात दाखवून काम टाळत, म्हातारे गोष्टी सांगत. लग्नाच्या पंगतीतली ती पिवळी भाजी, उडदाची डाळ आणि कढीलिंब घातलेली, बिनकांद्याची. तिची चव घरच्या भाजीला कधी आली नाही. बोलावणं नसलेलेही सोलायला येत.

कांद्याच्या भावाने सरकारं हादरतात, हे आमच्या पिढीने पाहिलं. १९८०च्या लोकसभा निवडणुकीत कांदा प्रचारात होता, १९९८मध्ये दिल्लीची विधानसभा निवडणूक त्यावर गाजली. त्या दिवसांत दुकानांतून कांद्याची चर्चा चाले, पण वैशाखात गोणी भरलेल्या घरांना त्या महागाईची धग निदान दिवाळीपर्यंत लागत नसे. शेतकऱ्याच्या बाजूनेही बघायला हवं. काढणीच्या वेळी भाव पडलेला असतो आणि त्याला तेव्हाच पैशाची गरज असते. हजारो घरं एप्रिल-मेमध्ये गोणीगोणीने कांदा उचलत, तो त्याला थोडाफार आधार होता. आता तो उचलणारं गिऱ्हाईक उरलेलं नाही. फ्लॅटमध्ये पलंगाला खण आले, पलंगाखाली वारा राहिला नाही. दोन किलोंची जाळीची पिशवी दाराशी येते, आणि तीत सडका निघाला तर आपण तक्रार नोंदवून पैसे परत घेतो. कांदा हातात घेऊन त्याची मान दाबून बघणं मात्र घरोघरी बंद झालं.

ज्यांच्या घराला गॅलरी आहे, तिथे ऊन थेट पडत नाही आणि वारा येतो, त्यांनी यंदा एप्रिलच्या शेवटी एखाद्या शेतकऱ्याकडून किंवा मार्केट यार्डातून एक गोणी आणून पाहावी. सगळ्या कुटुंबाला मिळून लागतात तेवढेच, फार नकोत. बारीक मानेचे, दुहेरी पत्तीचे निवडा, आठदहा दिवस सावलीत पसरा, मग प्लास्टिकच्या जाळीदार क्रेटमध्ये एकदोन थरांत ठेवा, आणि दर रविवारी हाताखालून घाला. बटाटे तिथे ठेवू नका. आणि घरात ऐंशीच्या पुढची आई, सासू, मावशी, कुणीही असेल, तर गोणी निवडायला तिला बरोबर न्या, आणि ती काय काय बघते ते एका वहीत लिहून ठेवा.